ओळ पूर्ण

सकाळी वनचौकीवर गेले ती सेल पोचवायला. रजेवर असलेल्या बाईने करायचं हे काम नव्हे, पण वायरलेसच्या खोलीतले सेल कधी संपायला येतात हे बावीस वर्षांनी माझ्या हाडांनाच कळतं, आणि तिथे बसणाऱ्या नव्या मुलीला ते कळायला अजून वेळ आहे. पिशवी टेबलावर ठेवली, तर तिने कानावरचे हेडफोन न काढताच एक कागद माझ्यापुढे सरकवला. शोधाच्या ओळीची यादी होती. सात आकड्यापुढे माझं नाव.

"मावशी, सात नंबरवाला तापाने फणफणलाय," ती म्हणाली. "तुम्ही आलाच आहात तर…"

"अगं, पन्नाशी उलटली माझी. मी काय ओळीत चालू?"

"जंगल तळहातासारखं पाठ आहे म्हणून तुम्हीच तर सांगत असता." ती हसली. हसताना तिचे डोळे कागदावरच होते. "आणि इथे मी आहे ना. माझं सगळं लक्ष तुमच्यावरच असेल."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण बाहेर बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर नवऱ्याचा कोट घेऊन. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. काल दुपारी दोघं पायवाटेने चालले होते, ती दहा पावलं पुढे. तो बुटाची नाडी बांधायला वाकला. तिने मागे वळून पाहिलं तर वाट मोकळी. ना हाक, ना झटापट. आमच्या या राखीव जंगलात माणसं अशीच जातात. तीस वर्षांत दहा गेली, फाटकाजवळच्या फळ्यावर दहांचे फोटो आहेत, त्यातला एक माझ्या धाकट्या भावाचा. त्या बाईकडे पाहिल्यावर मी गुपचूप कुणाचे तरी बूट पायात चढवले. एक नंबर मोठे होते.

आमची शोधाची पद्धत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सात माणसं ओळीने उभी राहतात, दोघांमध्ये पंधरा पावलं. प्रत्येकाकडे एक वॉकी. ओळ हळूहळू पुढे सरकते. दर पाव तासाने एक नंबर, म्हणजे पुढारी, शिट्टी वाजवतो आणि सगळे जागच्या जागी थिजतात. एक मिनिट कुणी खोकायचंसुद्धा नाही. याला आम्ही मुकं मिनिट म्हणतो. हरवलेल्याचा कण्हण्याचा, हाकेचा आवाज येतो का, ते ऐकायचं. सात नंबर घळीच्या कडेने चालतो, आणि त्या मिनिटभर तो वॉकीचं बटण दाबून धरतो, म्हणजे चौकीवर वायरलेसच्या माणसालाही घळीतलं ऐकू यावं. अंगठा दुखतो म्हणून बटणावर रबरबँड चढवायची सगळ्यांना सवय. मोजणीची शिट्टी होईपर्यंत बाकीच्यांच्या वॉकीचा आवाज पार बंद.

मिनिट संपलं की मोजणी. एक, दोन, तीन, करत सातापर्यंत. आणि आठ म्हणायचं चौकीने. "आठ. ओळ पूर्ण. पुढे चला." हे शब्द कानावर पडल्याशिवाय एकानेही पाऊल उचलायचं नाही. चौकीला शंका आली तर तिने "थांबा" म्हणायचं. म्हणजे सात माणसांचे पाय त्या खोलीतल्या एका तोंडात असतात. बावीस वर्षं ते तोंड माझं होतं.

दुपारपर्यंत आम्ही चाललो. तीनच्या सुमाराला पुढाऱ्याने शिट्टी दिली, मी बटणावर रबरबँड चढवला आणि घळीकडे कान लावून उभी राहिले. त्याच मिनिटात धुकं उतरलं. वरून नाही, घळीतून वर आलं, ओल्या शेवाळ्याचा वास घेऊन. बघता बघता माझे बूटसुद्धा मला दिसेनात. पुढाऱ्याने तीन आखूड शिट्ट्या वाजवल्या. बसा, असा अर्थ. धुकं निवळेपर्यंत बसायचं, मोजणी नंतर. आणि धुक्यात एकट्याने बसायचं नाही. एक-दोन-तीन, चार-पाच, सहा-सात असे गट ठरलेले.

मी एका आडव्या पडलेल्या खोडावर बसले. बॅटरीचा कंदील पेटवून पायाशी ठेवला, वॉकी बाजूला ठेवली. थोड्या वेळाने सहा नंबर आला. त्याची पावलं वाजली नाहीत, ओल्या पाचोळ्यावर वाजत नाहीतच. रेनकोटाची टोपी पार हनुवटीपर्यंत ओढलेली. खोडाच्या दुसऱ्या टोकाला, उजेडाच्या जरा बाहेर तो बसला. शेजारच्या चौकीतून नवाच आलाय म्हणे, तोंडओळखही नव्हती.

"सहा ना तुम्ही?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. म्हटलं, बिचारा गारठलाय. थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याच्यापुढे ठेवला. त्याने हात लावला नाही.

"घाबरलात की काय? पहिल्यांदा या घळीशी आलं की सगळ्यांचीच पाचावर धारण बसते. बोलत बसू या, तेवढाच वेळ जाईल."

खरं सांगायचं तर घाबरले होते मीच. शिवाय अनोळखी माणसाजवळ मन मोकळं होतं. उद्या तो आपल्या चौकीला परत जाणार, आपलं बोलणं त्याच्याबरोबर जाणार. वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, ती त्या खोडावर सुटली.

मी त्याला धाकट्याबद्दल सांगितलं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटा याच जंगलात वनरक्षक होता. घरी आला की दार वाजवायचा नाही, अंगणातूनच शिट्टी घालायचा. दोन आखूड, एक लांब. कितीदा म्हटलं, अरे कुत्र्याला बोलावतोस की बहिणीला? तर म्हणायचा, "अक्के, कुत्रं पहिल्या शिट्टीला येतं, तू तिसऱ्या." लहानपणी झाडावरून पडून नाक मोडलं होतं त्याचं. त्यामुळे बोलणं सगळं नाकातून. हजारांत ओळखू यायचा आवाज.

एका सकाळी तो कामावर गेला आणि परतला नाही. तिसऱ्या दिवशी शोधाची ओळ या घळीच्या कडेला आली. चौकीवर तेव्हा मुकादमाचं राज्य होतं. चौकीतलं एकही माणूस त्याच्या शब्दाबाहेर नव्हतं. तो आकडा म्हणायचा तोसुद्धा हुकूम सोडल्यासारखा. तोडून. ओळीत सातावर तो स्वतः चालत होता, कारण घळीची कड दुसऱ्या कुणाला नको असते. मुकं मिनिट सुरू झालं. मी चौकीवर हेडफोन कानात रुतेपर्यंत दाबून बसले होते. आणि मला ऐकू आलं. खालून, खूप लांबून. दोन आखूड, एक लांब.

"मिनिट संपताच मी बटण दाबून ओरडले," मी सहा नंबरला सांगितलं. "म्हटलं, थांबा, शिट्टी आली, माझा भाऊ आहे. मुकादम एवढंच म्हणाला, 'पक्षी आहे, ताई.' मी म्हटलं, नाही हो, त्याचीच शिट्टी आहे. तर म्हणाला, 'तीन रात्री झोपला नाहीत तुम्ही. हवं ते ऐकू येतंय तुम्हाला. पक्षी आहे. आठ म्हणा.'"

चहाच्या झाकणातून वाफ येणं थांबलं होतं.

"आणि मी आठ म्हटलं."

हे वाक्य मी कुणाजवळही बोलले नव्हते. आईजवळसुद्धा नाही. मी आठ म्हटलं नसतं तर ओळ हलली नसती, मुकादमाच्या बापाला हलवता आली नसती. नियमच तो. पण सगळ्या जंगलाला जे पक्षी वाटलं ते आपल्या एकटीला भाऊ वाटतंय, म्हणजे आपलंच डोकं फिरलं असेल, असं मला वाटलं. मी म्हटलं, आठ, ओळ पूर्ण, पुढे चला. आणि माझ्या भावाला मागे ठेवून सात माणसं पुढे गेली.

चार महिन्यांनी आईने धाकट्याचं दुसरं जाकीट धुवायला काढलं. वापरणारा नव्हता, तरी ती धुवायची. खिशात चिठ्ठी निघाली, मुकादमाच्या अक्षरात. "घळीतली तुटकी साखळी सोडवून आण. एकटाच जा, बोभाटा नको." घळीकाठच्या कठड्याची साखळी तुटून खाली पडली होती, ती वेळेवर दुरुस्त केली नाही म्हणून मुकादमाला वरून बोलणी बसणार होती. घळ तर दरड आल्यापासून बंद, तिथे एकट्याला पाठवायला सक्त मनाई. धाकटा घळीत सापडला असता तर पहिला प्रश्न आला असता, त्याला तिथे पाठवलं कुणी?

म्हणून पक्षी.

चिठ्ठी घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी उलटून सुलटून पाहिली, म्हणाले, खाली सही नाही, आणि खणात टाकली. मी घरी आले. त्या दिवसापासून मी मुकादमावर डूख धरला. रोज त्याला नमस्कार केला. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला फ्रॉक शिवून दिला. अकरा वर्षं. माणसाला वाटतं राग कालांतराने निवतो. माझा निवला नाही, मुरत गेला.

"मग गेल्या वर्षी काय झालं, ऐका," मी म्हटलं. धुकं आता इतकं दाट होतं की कंदिलाच्या उजेडात माझे हात तेवढे दिसत होते. खोडाच्या त्या टोकाला नुसती एक काळी आकृती.

गेल्या वर्षी एक चित्रकार बाई हरवली. ओळ निघाली. मुकादमाला निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते, तरी सातावर तोच. घळीपाशी मुकं मिनिट झालं. हेडफोनमध्ये काही नाही, फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज. मग मोजणी. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. आणि सात.

तो सात मुकादमाचा नव्हता. नाकातून आलेला, जरा लांबवलेला. सा…त.

"माझा धाकटा होता तो," मी सांगितलं. "अकरा वर्षांनी. तुम्ही म्हणाल बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणा. पण मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं होतं. सातव्या जागी मुकादम नाही. त्याच्या जागेवरून दुसराच कुणी बोलतोय. आणि ओळ माझ्या शब्दासाठी थांबलीय. 'थांबा' म्हटलं असतं तर सहाही जण तिथल्या तिथे वळले असते. मुकादम पंधरा पावलांवरच असणार होता, हाताला लागला असता."

सांगू की नको असं झालं. पण आता काय उरलं होतं?

"दोन्ही शब्द जिभेवर होते, भाऊ. मी आठ म्हटलं. अगदी शांतपणे. ओळ पूर्ण, पुढे चला. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले मी त्या दिवशी."

दहा मिनिटांनी सहा नंबरच्या लक्षात आलं की उजवीकडे कुणी नाही. नऊ दिवस शोधलं. मुकादमाची काठी तेवढी मिळाली, घळीच्या कडेला जमिनीत उभी रोवलेली. आणि काठीशेजारी, नीट वेटोळं करून ठेवलेली, कठड्याची तुटकी साखळी. जी आणायला धाकट्याला पाठवलं होतं ती. त्या सहांना मी एकेकट्याला विचारलं, सात कुणी म्हटलं? सगळे म्हणाले, मुकादमानेच की, नेहमीसारखं. चित्रकार बाई मात्र संध्याकाळी आपण होऊन रस्त्याला लागली. कुणीतरी पुढे शिट्टी वाजवत होतं, म्हणाली, त्या मागे मी आले.

मुकादमाची बायको सहा महिने रोज चौकीवर यायची. "काही ऐकू आलं का?" विचारायची. मी म्हणायचे, "काही नाही." मग ती यायची थांबली, आणि तिच्या जागी मुलगी आली, वायरलेसचं काम शिकून. तीच ती. मी फ्रॉक शिवलेली.

"शोधाच्या वेळचं सगळं बोलणं टेप होतं आमच्याकडे," मी म्हटलं. "मागच्या महिन्यात पोरीने ती टेप काढली. मला बसवून ऐकवली. सहा झालं. मग शांतता. आणि मग माझा आवाज, आठ. मध्ये सात नाहीच. कुणाचाच नाही. तिने टेप बंद केली, म्हणाली, 'मावशी, सात कुणी म्हटलंच नाही. मग तुम्ही आठ कसं म्हटलंत?' मी म्हटलं, मी ऐकलं गं. म्हणाली, 'कुणाचा आवाज?'"

शेजारची आकृती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"मी म्हटलं, तुझ्या बाबांचा. आता तिला खरं काय सांगणार होते? पण तिचा विश्वास बसला नाही. टेपमध्ये पुढेही थोडं होतं. माझ्या 'पुढे चला' नंतर, अगदी बारीक. तिने ते तीनदा लावलं. 'ताई, थांबा… मी अजून सात म्हटलं नाही.'"

मुकादमाची कीव आली असं नाही. कीव आली ती त्या पोरीची. ती तिसऱ्यांदा टेप लावत असताना तिचा हात थरथरत नव्हता, हे पाहून.

डावीकडे कुठेतरी पुढाऱ्याची लांब शिट्टी झाली. धुकं तसंच होतं, पण अंधार पडायच्या आत परतायला हवं म्हणून त्याने मोजणीची खूण दिली असावी. मी अंगावरचा पाचोळा झटकला, वॉकी हातात घेतली.

बटणावर रबरबँड तसाच होता.

मुक्या मिनिटाला चढवलेला. मोजणी पुढे ढकलली गेली आणि मी तो काढायची विसरले. तेव्हापासून माझ्या मांडीशेजारी ती वॉकी उघडी होती, आणि चौकीवर ती मुलगी हेडफोन लावून बसली होती. शिट्टी, चिठ्ठी, सा…त, आठ, पोटभर जेवण. एकेक शब्द. माझं सगळं लक्ष तुमच्यावरच असेल, म्हणाली होती.

मी रबरबँड ओढून काढला, तो तुटून बोटाला लागला. लगेच वॉकीतून खरखर आली.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार."

"पाच."

"सहा," एक तरुण, धापा टाकणारा आवाज आला. "ताई, कधीचा सांगतोय, लाइन अडली होती. मी इकडे पाचाजवळच आहे. धुक्यात तुमच्यापर्यंत येताच आलं नाही. सॉरी."

मी खोडाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं नाही. मान वळेना. कंदिलाच्या उजेडात चहाचं झाकण दिसत होतं, काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्यापलीकडे बुटांचा एक जोड. चिखल सुकून दगडासारखा झालेला. वर्षभराचा.

आता माझी पाळी होती. मी बटणावर अंगठा ठेवला, तोंड उघडलं.

"सात," वॉकीतून आवाज आला. हुकूम सोडल्यासारखा. तोडून.

त्या सहांना माझाच आवाज ऐकू आला असणार, त्यांना नेहमी तसंच ऐकू येतं. पण चौकीवर बसलेली पोर बापाचा आवाज विसरणार नव्हती. वॉकीत नुसता तिचा श्वास येत होता. एक घेतला, सोडला. दुसरा घेतला. तीस पावलांवर माणसं उभी होती. मला ओरडता आलं असतं. बटण माझ्याच अंगठ्याखाली होतं. पण मी गप्प बसले, कारण ती काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. आणि जे म्हणेल ते म्हणायचा तिचा हक्क होता, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

"आठ," ती म्हणाली. आवाजात कापरं नव्हतं. "ओळ पूर्ण. पुढे चला."

डावीकडे पाचोळा चुरचुरला. पावलं सरकायला लागली, एकमेकांना धरून, पुढे, लांब. मग तीही ऐकू येईनाशी झाली. कंदील एकदा मिणमिणला. त्याचे सेल बदलायचे राहिले होते.

तेव्हा खालून, घळीच्या तळातून, शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब.

शेजारचा खोडावरून उठला, माझ्या अगदी जवळ येऊन वाकला.

"पक्षी आहे, ताई," तो म्हणाला.